कायमची खुर्ची मिळाली नाही, तर मी फ्लूटवादक नाही का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पत्रलेखिका २७ वर्षांच्या असून मूळच्या पुण्याच्या आहेत. बाराव्या वर्षी त्यांनी पाश्चात्त्य फ्लूट शिकायला सुरुवात केली. शिकण्यासाठी अनेक वर्षे दर शनिवारी पुणे-मुंबई प्रवास केला, वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि नंतर जर्मनीतील एका सरकारी संगीत महाविद्यालयातून फ्लूटवादनाचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. गेल्या अकरा महिन्यांत त्यांनी तीसहून अधिक वाद्यवृंदांकडे अर्ज केले. सात ठिकाणांहून बोलावणे आले आणि सातही ठिकाणी त्या पहिल्या फेरीतच बाद झाल्या. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी मिळालेल्या १८ महिन्यांच्या परवान्यातले सात महिने आता उरले आहेत आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते वडील भरत आहेत. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बासून अशा सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांचे त्यांचे एक पंचक आहे. त्यात वाजवताना त्या सर्वांत आनंदी असतात, पण हा आनंद म्हणजे हार पत्करल्याची खूण आहे, असे त्यांना वाटते. ऑडिशन देत राहावे, पंचकावर भर द्यावा की परत यावे, असे त्या विचारतात.

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन. त्यात ‘कायमची नोकरी’ हे शब्द सहा वेळा आले आहेत. ज्या एका परिच्छेदात तुम्ही पंचकाच्या तालमीविषयी लिहिले आहे, तेथे मात्र ते एकदाही आलेले नाहीत. ओबोच्या सुरात आपला सूर कसा मिसळावा लागतो आणि बासून वाजवणारी मैत्रीण श्वास घेते तेव्हा आपणही नकळत कसा श्वास घेतो, हे तुम्ही इतक्या बारकाईने लिहिले आहे की अनेक वर्षे मुंबईत फ्लूट शिकवलेल्या आणि हौशी वाद्यवृंदांत दुसऱ्या फ्लूटच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्यासारखीला आपणच त्या तालमीला हजर आहोत असे वाटले. हा परिच्छेद तुमच्या पत्राच्या शेवटी, जवळजवळ माफी मागितल्यासारखा आला आहे. माझ्या मते खरी सुरुवात तिथून व्हायला हवी होती.

परंतु आधी त्या सात नकारांविषयी बोलू, कारण ते तुमच्या मनात घर करून बसले आहेत. सात वेगवेगळ्या परीक्षक मंडळांनी एकच निकाल दिला, त्याअर्थी तो खराच असला पाहिजे, असे तुम्ही लिहिता. या तर्कात आकड्यांचा विचार राहून गेला आहे. जर्मनीत सार्वजनिक पैशावर चालणारे सुमारे १३० व्यावसायिक वाद्यवृंद आहेत. १९९२ मध्ये ते १६८ होते, पण एकीकरणानंतरच्या काळात अनेक वाद्यवृंद, विशेषतः पूर्वेकडचे, एकमेकांत विलीन झाले किंवा बंद पडले. मोठ्या वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनच्याच सोळा खुर्च्या असतात, फ्लूटच्या मात्र पिकोलो, म्हणजे उंच सुराचा छोटा फ्लूट, धरून तीन-चार, फार तर पाच. म्हणजे साऱ्या देशात मिळून फ्लूटच्या जागा पाचशेच्या आसपास, आणि तेथे एकदा बसलेला माणूस पंचवीस-तीस वर्षे उठत नाही. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून वर्षाला रिकाम्या होणाऱ्या जागा वीसच्या आतबाहेर निघतात. दुसऱ्या बाजूला त्या देशात २४ सरकारी संगीत महाविद्यालये आहेत. प्रत्येकातून वर्षाला तीनच फ्लूटवादक बाहेर पडतात असे धरले तरी सत्तरहून अधिक होतात. मागल्या वर्षांतले अजून जागा न मिळालेले, इतर देशांतून आलेले आणि नोकरी असूनही वरची खुर्ची हवी असलेले, यांतले कोणीच या मोजणीत धरलेले नाहीत. अशा गर्दीत तीस अर्जांपैकी सात ठिकाणांहून बोलावणे येणे ही लहान गोष्ट नाही. अर्ज केलेल्यांपैकी बहुतेकांना ते येत नाही.

पहिली फेरी कशी असते हे तुम्हाला माहीत आहे. या सदराच्या इतर वाचकांसाठी सांगते. ती अनेक ठिकाणी पडद्याआड होते. मोत्सार्टच्या जी मेजर किंवा डी मेजर कंचेर्टोची, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेची, सुरुवात वाजवायची असते आणि दोन-तीन मिनिटांत पलीकडून ‘डांके’ (धन्यवाद) असा आवाज येतो. एवढ्या वेळात स्वराचा खरेपणा, लय आणि आवाजाचा रंग ऐकू येतो. तो रंग आपल्या फ्लूटवादकांच्या शेजारी शोभेल का, एवढाच प्रश्न आतल्यांच्या मनात असतो. सगळ्या फेऱ्या होऊनही कोणालाच घेतले नाही, असेही अनेकदा घडते. म्हणून त्या नकाराचा अर्थ ‘आज, या खुर्चीसाठी, नाही’ इतकाच घ्यावा. तरीही मी तुमची समजूत काढून थांबणार नाही. सातही वेळा पहिल्याच फेरीत थांबावे लागले, यात तुमच्या उपयोगाची एक माहिती आहे. तुमची अडचण वाद्यवृंदातल्या अवघड जागांपर्यंत पोहोचलेलीच नाही. ती मोत्सार्टच्या पहिल्या पानावर आहे, आणि एका पानावरची अडचण शोधता येते. चाळीस मिनिटे वाद्याला हात न लावता बसा, मग उठून अनोळखी खोलीत जाऊन ते पान एकदाच वाजवा आणि ध्वनिमुद्रित करा. असे वेगवेगळ्या दिवशी दहा वेळा करा आणि त्यांतली तीन मुद्रणे वाद्यवृंदात नोकरी करणाऱ्या तिघांना पाठवा. त्या तिघांत एक तरी तंतुवाद्य वाजवणारा असावा, कारण मत देणाऱ्यांत तेही असतात. ‘कसे झाले?’ असे विचारू नका. ‘कोणत्या क्षणी तुमचे लक्ष उडाले?’ असे विचारा. तिघांनी एकच जागा दाखवली, तर तुमच्या शिक्षकांच्या चार तासांइतके काम त्यातून होईल.

आता थोडे नाजूक बोलते. ही खुर्ची नक्की कोणाला हवी आहे? आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की गणेशोत्सवातला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो आणि ‘फ्लूट वाजवते’ म्हटले की ऐकणाऱ्याला बांबूची बासरी दिसते. पंधरा वर्षे तुम्ही प्रत्येक समारंभात आपले वाद्य समजावून सांगत आला आहात, असे तुम्हीच लिहिले आहे. अशा माणसाला एका मोठ्या नावाच्या वाद्यवृंदातली पगारी जागा फार मोलाची वाटणारच, कारण मग समजावून सांगावे लागत नाही. ‘लागली का नोकरी?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येते. ही इच्छा मी क्षुल्लक मानत नाही. फक्त ती संगीताच्या इच्छेपासून वेगळी काढून पाहा. मॅलार्मेच्या कवितेवरून स्फुरलेल्या आणि १८९४ मध्ये प्रथम सादर झालेल्या देब्युसीच्या रचनेची सुरुवात एकट्या फ्लूटने होते. सारा वाद्यवृंद गप्प असतो आणि तो एक सूर हवेत येतो. ब्राम्सच्या चौथ्या सिम्फनीच्या अखेरच्या भागात फ्लूटला जे एकल वादन आहे, त्यासाठी माणसे आयुष्यभर सराव करतात. या जागा वाजवायची ओढ तुम्हाला रात्री झोपू देत नसेल, तर वाद्यवृंद तुमचाच आहे आणि तुम्ही झगडायलाच हवे. पण रोजचे काम बहुतांशी वेगळे असते. दुसऱ्या फ्लूटवर बसणारा माणूस ऐंशी मात्रा मोजतो, मग खालच्या सप्तकात चार स्वर इतक्या हळुवार धरतो की पहिल्या फ्लूटला त्यावर निर्धास्त उभे राहता यावे. मला ते काम मनापासून आवडत असे. तुम्हाला आवडते का, हे पत्रातून मला कळले नाही. विद्यार्थी वाद्यवृंदातल्या तुमच्या दोन हंगामांविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे.

खुर्ची मिळाली की सगळे प्रश्न संपतात, हेही खरे नाही. जेम्स गॉलवे यांनी १९६९ मध्ये मिळवलेली बर्लिन फिलहार्मोनिकच्या प्रमुख फ्लूटवादकाची जागा १९७५ मध्ये स्वतःहून सोडली, कारण त्यांना एकलवादन करायचे होते. बॉस्टन सिम्फनीच्या तेव्हाच्या प्रमुख फ्लूटवादक एलिझाबेथ रो यांना, जगातल्या उत्तम खुर्च्यांपैकी एकीवर चौदा वर्षे बसल्यानंतर, २०१८ मध्ये समान वेतनासाठी न्यायालयात जावे लागले, कारण शेजारी बसणाऱ्या प्रमुख ओबोवादकाला त्यांच्याहून बराच अधिक पगार होता. पुढल्या वर्षी तडजोड झाली. हे सांगण्यामागे खुर्चीची किंमत कमी करण्याचा हेतू नाही. तिथेही माणसाला आपला मार्ग पुन्हा पुन्हा ठरवावा लागतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

चेंबर संगीत म्हणजे वाद्यवृंदात जागा न मिळालेल्यांचे संगीत, ही समजूत तुमच्या मनात कोणी घातली ते मला ठाऊक नाही, पण ती इतिहासाला धरून नाही. ज्या संगीतात प्रत्येक भागाला एकच वादक असतो आणि पुढे हात हलवणारा कोणी नसतो, तेथे लपायला जागा नसते. बर्लिन फिलहार्मोनिकमधल्याच वादकांनी १९८८ मध्ये आपले सुषिर वाद्यांचे पंचक सुरू केले; पगाराची चिंता नसलेल्या माणसांना त्याची गरज का वाटली असावी, याचा विचार करा. डेन्मार्कचे संगीतकार कार्ल नील्सन यांची गोष्ट तुमच्या पंचकातल्या सर्वांना सांगण्यासारखी आहे. १९२१ मध्ये त्यांनी एका मित्राला दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडे कोपनहेगनच्या पंचकाची मोत्सार्टची तालीम चालली होती. ती त्यांना तारेवरून ऐकू आली आणि आवडली. त्यातून १९२२ मध्ये त्यांचे पंचक लिहिले गेले आणि मग या प्रत्येक वादकासाठी एकेक कंचेर्टो लिहायचे त्यांनी मनावर घेतले. फ्लूटचा १९२६ मध्ये झाला, क्लॅरिनेटचा १९२८ मध्ये, बाकीचे राहून गेले. आज जगभरच्या फ्लूटवादकांनी अभ्यासलेला तो कंचेर्टो पाच जणांच्या तालमीतून जन्माला आला आहे.

फ्रेंच फ्लूटवादक ज्याँ-पिएर राम्पाल यांचे उदाहरण तर तुमच्या वडिलांनाही सांगता येईल. त्यांचे वडील मार्सेयमध्ये फ्लूट शिकवत असत, आणि तरीही मुलाने वैद्यकीय शिक्षण घ्यावे अशीच घरच्यांची इच्छा होती. मुलगा तेच शिकतही होता. १९४३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या मजुरीसाठी बोलावणे आल्यावर तो पॅरिसला निसटला, तिथल्या संगीत विद्यालयात दाखल झाला आणि काही महिन्यांतच पहिले पारितोषिक घेऊन बाहेर पडला. युद्ध संपताच राम्पाल यांनी सुषिर वाद्यांचे पंचक उभे केले. पॅरिस ऑपेराच्या वाद्यवृंदातली जागा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली आणि तीही त्यांनी काही वर्षांनी सोडली. वाद्यवृंद, पंचक आणि एकलवादन हे त्यांच्या आयुष्यात एकमेकांचे पर्याय नव्हते, एकातून दुसरे निघत गेले.

हे सारे खरे असले तरी पंचकावर पाच जणांची पोटे भरत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. मानधन एक आणि वाटेकरी पाच, वर प्रवास पाच जणांचा. म्हणून ‘पंचकावर भर’ याचा अर्थ केवळ पंचकावर जगणे असा घेऊ नका. शाळांमधले कार्यक्रम, गावोगावच्या छोट्या संगीत मंडळांचे हंगाम आणि संगीतशाळेतली शिकवणी अशा दोन-तीन धाग्यांची वीण घालावी लागते. २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने हेरेनबेर्ग येथील एका पियानो शिक्षिकेच्या प्रकरणात, संगीतशाळेत तासावर शिकवणाऱ्या त्या शिक्षिकेला प्रत्यक्षात नोकरदारच मानले पाहिजे, असा निकाल दिला. तेव्हापासून अनेक संगीतशाळांना तासाच्या मानधनाऐवजी रीतसर नोकऱ्या देण्याचा विचार करावा लागत आहे. तुमच्या शहरातल्या आणि आजूबाजूच्या संगीतशाळांकडे या दृष्टीने चौकशी करा. जर्मन भाषा तुम्हाला चांगली येते, मुलांना शिकवायला आवडते आणि निम्म्या वेळेची का होईना, पगारी जागा मिळाली तर परवान्याचाही प्रश्न सुटू शकतो. स्वतंत्र कलावंत म्हणून राहायचे झाले, तर कलावंतांच्या सामाजिक विम्याची तिथली योजना आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाच्या हप्त्याचा जवळपास अर्धा भार उचलते, पण त्यासाठी आणि परवान्यासाठीही कामाचे लेखी करार दाखवावे लागतात. पंचकाचे पुढल्या वर्षाचे कार्यक्रम तोंडी ठरले असतील, तर ते या महिन्यात कागदावर आणा. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची भेट मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी मागा. शेवटच्या आठवड्यात अडकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

ऑडिशन थांबवू नका, पण निवडून द्या. तुम्ही केवळ पहिल्या आणि दुसऱ्या फ्लूटच्या कायम जागांनाच अर्ज केले, वाद्यवृंदांच्या अकादमी आणि मुदतीच्या जागा ‘विद्यार्थ्यांसाठी’ म्हणून वगळल्या, असे लिहिले आहे. येथे मला तुमची चूक वाटते. बर्लिन फिलहार्मोनिकची अकादमी १९७२ पासून चालू आहे आणि आता अनेक वाद्यवृंदांत अशी एक-दोन वर्षांची जागा असते. तिथे बसून तुम्ही दुसऱ्या फ्लूटचे काम रोज शिकता आणि तिथल्या वादकांच्या कानांत तुमचा आवाज बसतो. आजारपणात बदली वादक कोणाला बोलवायचे हे त्यावरच ठरते. मात्र यांना बहुधा वयाची अट असते आणि ती विशीच्या उत्तरार्धात संपते, तेव्हा हे काम उद्याच हाती घ्या. दुसरे म्हणजे पिकोलो. दुसऱ्या फ्लूटच्या कित्येक जागांना पिकोलो वाजवण्याची अट असते आणि पुष्कळ उमेदवार ती अट एक नाइलाज म्हणून पूर्ण करतात. चायकोव्स्कीच्या चौथ्या सिम्फनीतल्या स्केर्झोची, म्हणजे तिच्या वेगवान, खेळकर भागाची, ती काही सेकंदांची पिकोलोची जागा ज्याला निर्भयपणे वाजवता येते, त्याला वेगळे मोल आहे. पंचकात ओबो आणि क्लॅरिनेटशी सूर जुळवून तुमचा कान जो तयार झाला आहे, तो येथे थेट कामी येईल. सात महिन्यांत चार-पाच ऑडिशन, पण प्रत्येकीची सहा आठवडे तयारी, असे प्रमाण मला योग्य वाटते.

परत येण्याविषयी. तुम्ही तो शब्द शिक्षेसारखा वापरला आहे, आणि मुंबईत आयुष्य काढलेल्या माणसाला ते थोडे लागले. परिस्थिती मात्र मी गोड करून सांगणार नाही. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा देशातला एकमेव व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद आहे. त्याचे साधारणपणे वर्षातून दोन हंगाम होतात आणि बरेचसे वादक त्यासाठी परदेशातून येतात. बारा महिने पगार देणारे वाद्यवृंद ज्या अर्थाने जर्मनीत गावोगावी आहेत, त्या अर्थाने येथे नाहीत. पण चांगल्या फ्लूट शिक्षकांची येथे वानवा आहे. मुंबईत, पुण्यात, पणजीच्या कला अकादमीच्या परिसरात परीक्षांना बसणारी मुले आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना तुमच्याइतके शिकलेले कोणी कधी भेटलेले नाही. तुम्ही स्वतः दर शनिवारी घाट उतरून मुंबईला गेलात, ते पुण्यात कोणी नव्हते म्हणूनच. तिकडचा परवाना संपला म्हणून घाईने येणे आणि आपल्या कामाचा आराखडा घेऊन येणे यांत फार अंतर आहे. आलात तर वर्षातले दोन महिने पंचकाच्या दौऱ्यासाठी राखून या. आणि पावसाळ्यात वाद्याची छिद्रे झाकणारे पॅड फुगतात, दुरुस्ती करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, म्हणून पॅड बदलण्याचे प्राथमिक काम तिथेच शिकून घ्या.

डाव्या हाताच्या करंगळीला येणाऱ्या मुंग्यांचा उल्लेख तुम्ही एका ओळीत करून पुढे गेला आहात. फ्लूट शरीराला एका बाजूला पिळून धरायला लावते आणि रोज सहा तासांच्या सरावात ते मानेला, खांद्याला, कोपराला भोवते. संगीतकारांच्या अशा तक्रारी पाहणारे तज्ज्ञ जर्मनीत आहेत. हानोफरच्या संगीत महाविद्यालयात त्यासाठी स्वतंत्र संस्थाच आहे. पुढच्या ऑडिशनच्या आधी दाखवून घ्या आणि तोवर सराव चार तासांवर आणा.

ज्यांची मुले आज पंधरा-सोळा वर्षांची आहेत आणि हाच मार्ग धरू पाहत आहेत, त्या पालकांनी वरचा जागांचा हिशेब मुलांपासून लपवू नये. आकडे पाहूनही मुलाला वाजवायचे असेल, तर शिकवण्याचे कौशल्य, एक परकी भाषा आणि पिकोलो या तीन गोष्टी पहिल्या वर्षापासून त्याच्या अभ्यासात असू द्याव्यात.

शेवटचा मुद्दा घरचा. वडील काही बोलत नाहीत, पण दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता गेल्याचा संदेश तुम्हालाही पाठवतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्या संदेशाला तुम्ही आजवर उत्तर दिलेले नाही. या महिन्यात द्या. शिकवणीतून जे मिळते त्यातून हप्त्याचा चौथा हिस्सा पाठवता येत असेल, तर तो पाठवा आणि सात महिन्यांचे वेळापत्रक, म्हणजे कोणत्या ऑडिशन, अकादमीचे कोणते अर्ज आणि संगीतशाळांच्या कोणत्या भेटी, त्यांना मराठीत लिहून कळवा. त्यांनी तुमच्या सातही ऑडिशनचे निकाल ऐकले आहेत, पण तुम्हाला पंचकात वाजवताना एकदाही ऐकलेले नाही. नील्सनच्या पंचकाचा अखेरचा भाग एका साध्या भजनासारख्या चालीच्या बदलत जाणाऱ्या रूपांचा आहे. तो ध्वनिमुद्रित करा, वडिलांना पाठवा आणि फ्लूटचा आवाज कोठे कोठे येतो ते मिनिटा-सेकंदांसह सोबत लिहा.